नरम आठवडा

मंगळवारी सकाळी भाकरी वाकली.
मोडली नाही, वाकली,
ओल्या पुठ्ठ्यासारखी.
बावीस वर्षं कडक भाकरी करते मी,
नीलम नगरात माझ्या भाकरीचा आवाज ठाऊक आहे.
कानाजवळ धरून मोडायची,
कट् झालं की डझनाचे पैसे काढायचे.
त्या दिवशी दुकानदार म्हणाला,
वहिनी, पोळ्या आणल्यात की काय ओ?

टीव्हीवरचा माणूस सांगत होता
बंगालच्या उपसागराचं.
मी समुद्र पाहिलेला नाही.
उजनीचं पाणी तेवढं एकदा, लांबून.
आणि हा कुठला कोण समुद्र
इतकं चालत येऊन
माझ्या पिठाच्या डब्यात बसला.

पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हे.
धड भिजवत नाही, सोडतही नाही.
आठ महिने उन्हाला शिव्या घालणारं गाव
दुपारी बाराला दिवे लावून
एकमेकांना विचारत होतं, किती वाजले?

मल्लिनाथ डाईंगमधून लवकर आले.
लाल सुताच्या लड्या तीन दिवस दोरीवर,
वाळत नाहीत, नुसत्या ठिबकतात.
नाली गुलाबी झालीय म्हणाले,
कुत्री हुंगून परत जातात.
चुलीपुढं हात धरले तेव्हा
नखांतला लाल
विस्तवाहून जास्त पेटलेला दिसला.

घरात चादरी तीन, तिन्ही सेकंडच्या.
मोराची मान विणताना चुकलीय त्या.
भाग्यश्री तो वाकड्या मानेचा मोर पांघरून
भूगोल पाठ करत होती:
पर्जन्यछायेचा प्रदेश, पर्जन्यछायेचा प्रदेश.
म्हटलं, हळू गं. ऐकेल तो.

गुरुवार असेल, नाहीतर शुक्रवार,
राजमणी दारात. पदराखाली सूप.
हजारातल्या तीनशे विड्या छाट.
दमट आहेत म्हणाला ब्रँचचा माणूस,
चुरगाळून टाकल्या तिच्यासमोरच.
आकडा आधी तेलुगूत सांगितला तिनं,
मग मराठीत,
मग काहीच नाही.
सुपात उद्याच्या विड्या होत्या.
दिवाळीपासून बोलणं नव्हतं आमचं,
नळावरची एक घागर मध्ये होती.

मी तवा उतरवला नाही.
लाकडं मागं ओढली,
हात ठेवला तर हात राहील एवढाच तवा ठेवला,
आणि म्हटलं, पसर.
मग एक खेप तिची, एक माझी.
तिनं विड्या परतल्या, मी भाकरी.
घागरीचं कुणी काढलं नाही.

त्या रात्री भाकरीला तंबाखूचा वास.
मल्लिनाथांचा घास थांबला.
माझ्याकडं पाहिलं,
शेंगाचटणीवर तेल वाढून घेतलं
आणि जेवले.

नळाला पाणी आलं ते पाचव्याच दिवशी,
नेहमीसारखं.
वरून आभाळ गळतंय
आणि खाली आम्ही डोक्यावर पोती घेऊन
घागरींच्या रांगेत.
कुणालाच हसू आलं नाही.
राजमणीनं तिची घागर बाजूला सरकवली.
एवढंच. एक वीतभर.

सोमवारी मी पीठ मळत होते.
भिंतीपलीकडून ओरडली,
एंड वच्चिंदी!
ऊन आलं हे कळायला
आमच्या गल्लीत कुणाला भाषा लागत नाही.
गोधड्या, दप्तरं, विड्या, बूट,
कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याची खाट म्हाताऱ्यासकट,
सगळं एकदम बाहेर,
आणि जागेवरून पहिलं भांडण
साडेनऊच्या आत.

मी एक भाकरी पत्र्यावर टाकली.
तासानं उचलली.
माझ्या कानाला नाही लावली,
राजमणीच्या लावली.
कट्.

वास येतोय अजून, ती म्हणाली.
येऊ दे. हा डझन घरचा.
आणि तुझं सूप उचल तिथून,
माझ्या भाकऱ्यांवर सावली पडतेय.